एक नंबरची दोरी

२७ एप्रिल, शनिवार

गाइडगिरीचा सीझन सोमवारपासून. यंदा संकल्प मोजकेच केले आहेत, कारण गेल्या वर्षीचे अजून कोरेच्या कोरे पडून आहेत. दुपारच्या जेवणाआधी व्हिस्की नाही. टुरिस्टांनी गावांची नावं वाकडीतिकडी उच्चारली तर दात-ओठ खायचे नाहीत. 'आमचे पूर्वज सरदार होते हं' असं कोणी म्हणालं तर हसायचं नाही. सगळ्यांचेच सरदार होते. मग मेंढ्या कोणी राखल्या, देव जाणे.

संध्याकाळी मोरागचा फोन. माझी पुतणी. म्हणाली, काका, बाबांचं हृदय पार थकलंय, डॉक्टर म्हणतात पानगळ बघतील की नाही सांगता येत नाही, एकदा येऊन जा ना. बोलत नाहीत, पण वाट बघतात. म्हटलं, बघतो. वाट बघणाऱ्याने फोन करायला काय हरकत होती? हृदय थकलं असेल, बोटं तर शाबूत आहेत ना.

डुगल्ड माझा थोरला भाऊ. पण थोरल्याने थोरल्यासारखं वागावं. बावीस वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हाचं मी विसरलेलो नाही. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात सोडतात ती आठ दोऱ्यांनी. एक नंबर डोक्याशी, ती सगळ्यात जवळच्या माणसाची. दोन नंबर पायाशी, ती त्याच्या खालोखालच्याची. बाकीच्या बाजूंनी. एक नंबर थोरल्या मुलाने धरली, ठीक. दोन नंबर धाकट्या मुलाची, हे शेंबडं पोरही सांगेल. डुगल्डने ती दिली शेजारच्या कॅलमला! का, तर म्हणे त्याने म्हातारपणी वडिलांचं जळण आणून दिलं, दर रविवारी हाताला धरून चर्चला नेलं. आणि मला चार. चार! डाव्या खांद्यापाशी, पोस्टमनच्या शेजारी. मी ती धरली, पेटी सोडली, हात झटकले आणि त्या दिवसापासून त्या घराची पायरी चढलो नाही. चुकलं असेल तर मोठ्याने म्हणावं, चुकलं.

एक मात्र आहे. डुगल्डला मुलगा नाही. आमच्या अर्डनाकेल गावात बायका कबरीपर्यंत येत नाहीत, घरी थांबून सँडविच करतात. म्हणजे त्याची एक नंबरची दोरी कोणाची? सख्ख्या भावाची. माझी. ती काही कोणी पळवून नेत नाही. मग घाई कसली?

२ मे, गुरुवार

या वर्षीचं पहिलं भाषण आज खाडीच्या वळणावर. फक्कड झालं.

आमच्या टूरमधली ही खरी जागा. किल्ले काय, कोणीही दाखवतं. दर गुरुवारी इथे बस थांबवायची, सगळ्यांना खाली उतरवायचं आणि खाडीपलीकडची पडकी घरं दाखवायची. जमीनदाराने मेंढ्यांसाठी माणसं हाकलली, छपरं पेटवली, पोराबाळांसकट जहाजात कोंबून कॅनडाला धाडली. मग जरा थांबायचं. मग आवाज खाली आणून म्हणायचं, पण काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही. रक्ताची माणसं समुद्र ओलांडून परत येतात. या, तुमच्या घरी या. इथे बायका रडतात. आज एक दंतवैद्यही रडला.

पडक्या घरांच्या अलीकडे अर्डनाकेल. पांढऱ्या घरांत लाल पत्र्याचं एक. ते डुगल्डचं. ते मी दाखवत नाही.

ड्रायव्हर कर्स्टी च्युइंगम चघळत सगळं ऐकत होती. मला ती राजे म्हणते, मान म्हणून म्हणत असावी. म्हणाली, राजे, ही लोकं समुद्र ओलांडून आली, तुम्ही खाडी ओलांडून या की. फाट्यावरून आत घेते, यांना चहा पाजते तोवर. म्हटलं, लोकरीच्या दुकानाची वेळ ठरलेली आहे. आणि ड्रायव्हरने रस्त्याकडे बघावं.

९ मे, गुरुवार

पाऊस. आजाऱ्याच्या घरात चिखलाच्या बुटांनी शिरणं मला पटत नाही.

२३ मे, गुरुवार

सकाळी दोन शिंका. हृदयाच्या पेशंटला सर्दी देणं म्हणजे जवळजवळ खूनच. भावाचा एवढा विचार कोण करतं? आणि हे कोणाला सांगायचीही सोय नाही.

३ जून, सोमवार

नवा ग्रुप. बर्निस ओल्सेन म्हणून एक बाई आहे, कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातली. सत्तरी उलटलेली, पुरुषी बूट, आवाज खणखणीत. आयुष्यभर शाळेची बस चालवली म्हणे. माहेरची मॅकफेल. माझंही आडनाव तेच, हे ऐकल्याबरोबर माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, अगंबाई, म्हणजे तू माझा भाऊच की रे! म्हटलं, बाई, माझी शाखा वेगळी. वरची. तर म्हणाली, वरची म्हणजे? टेकडीवरची? सगळी बस हसली. कर्स्टी सगळ्यात जास्त.

या बाईवर लक्ष ठेवलं पाहिजे.

६ जून, गुरुवार

लक्ष ठेवूनही काही उपयोग झाला नाही.

वळणावर भाषण ऐन रंगात. पाणी दुभंगत नाही म्हटलं आणि बर्निसने हात वर केला. वर्गात करतात तसा. म्हणाली, आता तिथे कोणी मॅकफेल राहतात का? म्हटलं, नाही हो, सगळे गेले. मेंढ्या आहेत, आणि उन्हाळ्यात जर्मन. हे खोटं नव्हे. माझ्या हिशेबी त्या घरात कोणी राहत नाही. पण कर्स्टीच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? खिडकीतून मान काढून म्हणाली, त्या लाल पत्र्याखाली आहे की एक. जिवंत आहे अजून.

बर्निसने छत्री घेतली आणि चालायला लागली. म्हटलं, बाई, दुकानाची वेळ होईल. ती न वळता म्हणाली, लोकर आमच्याकडेही मिळते. पुढे पोस्टाची गाडी आली, तिला हात केला, बसून गेलीसुद्धा.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर परत हजर. गाल लाल. सगळ्यांना सांगत सुटली. डुगल्ड स्वतः उठून चहा करत होता, मुलगी ओरडली तरी ऐकेना. ओटच्या भाकऱ्या आणि क्राउडी, म्हणजे आमचं घरचं मऊ चीज, खायला घातलं. मग दोघांनी मिळून पणजोबा, खापरपणजोबा असं मागे मागे जात तिचं मूळ शोधून काढलं. तिच्या पणजोबाची चूल जिथे होती तिथे आता डुगल्डचा बटाट्याचा वाफा आहे. तो काठी टेकत तिथवर आला आणि म्हणाला, ही तुझी जागा, बस. आणि ती बसली. बटाट्यात.

इथवर ठीक होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, त्यांच्या शेल्फवर तुझा फोटो आहे. किल्ट घातलेला. तेव्हा केस होते तुला.

म्हटलं, दूरचे आहेत ते. ती म्हणाली, दूरचे? सख्खे भाऊ ना तुम्ही? म्हटलं, अंतराने दूर म्हणायचं होतं मला.

सूप गार झालं होतं. या हॉटेलचं सूप दिवसेंदिवस बिघडत चाललं आहे.

७ जून, शुक्रवार

बर्निसने टूर सोडली. चक्क सोडली. अर्डनाकेलला कॅलमच्या सुनेकडे खोली घेतली आहे. म्हणाली, किल्ले पडलेलेच आहेत, ते कुठे जात नाहीत. माणूस बसलेला आहे तोवर गप्पा मारून घेते. मग मला म्हणाली, येतोस? रोज तुझं नाव काढतो तो. म्हटलं, आज किल्ला आहे. तर म्हणाली, तू नाही पाहिलास का अजून?

इतिहास पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, हे शाळेची बस चालवणाऱ्यांना कळायचं नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. 'रोज तुझं नाव काढतो.' म्हणजे पीळ सुटायला लागला आहे. आता माफी मागायला त्याचाच फोन येणार. घाई करून त्याची संधी घालवणं बरं नव्हे.

१३ जून, गुरुवार

वळणावर उतरलो. लाल पत्र्याच्या घरापुढे बाकावर दोन माणसं. एकीने काहीतरी पांढरं हलवलं, टॉवेल असावा. कर्स्टीने दोनदा हॉर्न दिला. म्हटलं, निसर्गरम्य ठिकाणी हॉर्न वाजवायला कंपनीची मनाई आहे. म्हणाली, राजे, तुमच्या घराण्यात सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खरंच हो. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाकावरचा दुसरा माणूस हलला नाही. नुसता बसून होता, तोंड आमच्याकडे. एवढ्या लांबून तो फार बारीक दिसतो. पूर्वी दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागायचं.

भाषण आज जरा आवरतं घेतलं. एकजणही रडला नाही.

२० जून, गुरुवार

आज जायचंच असं ठरवलं होतं. डंडी केक घेतला, वरती बदामांची नक्षी असलेला, डुगल्डला आवडणारा. इस्त्रीचा शर्ट. कर्स्टीला सकाळीच सांगितलं, आज फाट्यावरून आत. तिने च्युइंगम काढून टाकलं. म्हणाली, शाब्बास राजे.

फाटा आला. तिने डावा ब्लिंकर लावला, गाडी हळू केली. आणि माझ्या मनात आलं, पूर्ण बस बघणार. मी केक घेऊन दारात उभा आणि तो आतून म्हणणार, आलास का शेवटी? म्हणजे बावीस वर्षं मीच चुकत होतो असा अर्थ निघणार. केक न नेता गेलो तर रिकाम्या हाताने आला म्हणणार. दोन्हीकडून मीच.

म्हटलं, सरळ घे.

कर्स्टीने ब्लिंकर बंद केला. नवं च्युइंगम तोंडात टाकलं. ती बोलते तेव्हाच बरं असतं.

केक ग्रुपने खाल्ला. त्यांना फार आवडला. भावना कुठे ना कुठे पोचल्याच.

लाल पत्र्याच्या घरातून ब्लिंकर दिसत असेल का? एवढ्या लांबून? शक्य नाही.

२९ जून, शनिवार

मोरागचा फोन. रडत होती. म्हणाली, काका, उद्या या. गुरुवारची वाट बघू नका. मी तिला नीट समजावलं. उद्या रविवार. अर्डनाकेलमध्ये रविवारी कोणी गाडी काढत नाही, वाळत घातलेले कपडेसुद्धा शनिवारी काढून ठेवतात. तुझे बाबा स्वतः किती कडक. त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या दारात रविवारी गाडी घेऊन जायचं? धर्म बुडवून भेटणारा मी नव्हे.

ती म्हणाली, बरं. फोन ठेवला. पोरगी समजूतदार आहे.

४ जुलै, गुरुवार

धुकं. वळणावरून हातभर पलीकडचं दिसेना. पडकी घरं नाहीत, खाडी नाही, लाल पत्रा नाही. जे दिसतच नाही तिथे जायचं कसं? ग्रुपला म्हटलं, कल्पना करा. त्यांनी केली.

पुढच्या गुरुवारी नक्की. हे शाईने लिहितो आहे.

९ जुलै, मंगळवार

डुगल्ड गेला. पहाटे.

मोराग फोनवर दोन वाक्यं बोलली. मी काय बोललो आठवत नाही. नंतर बराच वेळ फोन हातात धरूनच बसलो होतो, घरमालकीण विचारत होती, बिघडला का?

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लहानपणी मला खांद्यावर बसवून तो ओहोटीच्या वेळी खाडीत शिंपले काढायला न्यायचा. थंडीने माझे दात वाजले की स्वतःचे मोजे काढून माझ्या हातांत घालायचा. हे कुठून आठवलं कोण जाणे.

दफन शुक्रवारी. आता रडत बसून चालणार नाही. एक नंबरच्या माणसावर सगळ्यांचं लक्ष असतं.

१० जुलै, बुधवार

तयारी. किल्टला कसर लागली आहे, पण मागच्या बाजूने, तेव्हा कोणाकडे पाठ करायची नाही. बूट चमकवले.

दोरी धरायचीही सवय लागते. एकदम सोडली तर डोकं आधी खाली जातं आणि गावभर बभ्रा होतो. एक नंबरवाल्याने सावकाश, हातातून इंच इंच सरकू द्यायची. म्हणून सुटकेसमध्ये विटा भरल्या, पडद्याची दोरी बांधली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडण्याचा सराव केला. दोनदा उत्तम. तिसऱ्यांदा दोरी तुटली. सुटकेस थेट घरमालकिणीच्या छत्र्यांच्या कुंडीत. ती बाहेर येऊन ओरडली, काय मेलं चाललंय? म्हटलं, भाऊ गेला. बिचारी आत गेली. मग चहा दिला. छत्र्यांचं अजून काही बोललेली नाही.

कंपनीतल्या बाईंना सुट्टी मागितली. म्हणाल्या, ग्रुप कोणाच्या गळ्यात घालू? बरोबरच आहे. मी नसलो तर टूर कोसळते.

११ जुलै, गुरुवार

तोड निघाली. ग्रुपलाच बरोबर न्यायचं! उद्याच्या किल्ल्याऐवजी अस्सल दफन. आजवर कुठल्या टूरने दाखवलं असेल? वळणावर मी जाहीर केलं, माझा सख्खा भाऊ, कुळातला ज्येष्ठ. सगळे गहिवरले. त्यांना दोऱ्यांचे नंबर समजावून सांगितले. एक नंबर कोणाची असं विचारलं, तर चौदाच्या चौदा जण एका सुरात म्हणाले, तुमची! ओहायोचा डेल्बर्ट म्हणाला, मीही किल्ट घालू का? तो रोजच घालतो, चुण्या पुढे करून. चुण्या मागे असतात हे त्याला सांगायचं मी सोमवारपासून टाळतो आहे.

कर्स्टी म्हणाली, राजे, मेलेल्या माणसाच्या दारात बस घेऊन जाणार? जिवंत होता तेव्हा ब्लिंकर बंद करायला लावलात. म्हटलं, तू नुसती गाडी चालव. म्हणाली, चालवते. मलाही जायचंच आहे तिथे.

तिला का जायचं आहे ते विचारायला हवं होतं.

१२ जुलै, शुक्रवार

जे झालं ते शांतपणे लिहितो.

बस अर्डनाकेलमध्ये शिरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावातली माणसं काळ्या कपड्यांत उभी. त्यांच्यामधून आमचे चौदा जण पिवळ्या रेनकोटांत उतरले. डेल्बर्ट सगळ्यांत पुढे, चुण्या पुढे. एका म्हातारीने त्याच्याकडे बघून तोंडावर रुमाल धरला. दुःखाने असेल.

चर्चमधून पेटी निघाली. मी पेटीला धरून चाललो. आणि बघतो तर बायकाही मागून येताहेत! मोराग, बर्निस, कॅलमची सून, आरोग्यकेंद्रातली नर्स. मी मोरागला हळूच म्हटलं, तुम्ही घरी थांबायचं ना? ती म्हणाली, बाबा म्हणाले होते, सगळ्या या. आणि पुढे बघून चालत राहिली. आजारपणात माणूस काहीही बोलतो.

कबरीपाशी मी डोक्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. हातमोजे काढले. दफनाची व्यवस्था बघणारे टलॉक घसा साफ करून नावं पुकारायला लागले. एक, मोराग.

ठीक. नवा जमाना आहे, पोटची पोर आहे. मी दोन पावलं सरकून पायाकडे गेलो. इतकी वर्षं ज्या नंबरवरून एवढं झालं तो नंबर, आता तरी. दोन, मिसेस बर्निस ओल्सेन.

मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो. तीन, मोरागचा नवरा. चार, कॅलमचा मुलगा. पाच, पोस्टमन. सहा, डॉक्टर. सात, शेजारचा कोळी. आता उरली एक. आठ नंबर तरी आठ नंबर, म्हणून मी हात अर्धा पुढे केला. आठ, कर्स्टी.

कर्स्टी! आमच्या बसची ड्रायव्हर! दर सुट्टीच्या दिवशी ती इथे येऊन बसायची, हे मला नंतर तिथल्याच लोकांकडून कळलं. कंपनीच्या नियमात हे बसतं का ते बघायला हवं.

पाऊस लागला होता. सगळे थांबलेले. मागून आमच्या ग्रुपमधलं कोणीतरी मोठ्याने म्हणालं, अहो, यांचं नाव राहिलं वाटतं.

तेव्हा बर्निस वळली. सगळ्यांसमोर तिने आपली दोरी माझ्यापुढे धरली. म्हणाली, घे रे. तुझी आहे. मी उपरी, मी बाजूला होते.

हात पुढे गेला होता. खरंच गेला होता. पण तोंडातून निघालं, मी दोन नंबर घेत नाही.

बर्निसने माझ्याकडे बघितलं, शाळेच्या बसमधल्या एखाद्या पोराकडे बघावं तसं, आणि दोरी पुन्हा आपल्या हाताला गुंडाळली. तत्त्वाचा प्रश्न होता. एक नंबरचा माणूस दोनवर कसा येईल?

घ्यायला हवी होती. (हे वाक्य उद्या खोडायचं.)

दोऱ्या धरायच्या म्हणून पुरुषांनी टोप्या काढल्या. ठेवायच्या कुठे, सगळीकडे चिखल. पोस्टमनने त्याची माझ्या हातात दिली. म्हणाला, धरा जरा. मग कोळ्याने दिली, डॉक्टरने दिली, कॅलमच्या मुलाने दिली, मोरागच्या नवऱ्याने दिली. शेवटी कर्स्टीने आपली वर ठेवली आणि हळूच म्हणाली, सांभाळा, राजे. डुगल्ड खाली गेला तेव्हा मी ओल्या टोप्यांचा ढीग छातीशी धरून उभा होतो. त्यामुळे मला नीट दिसलं नाही. मोरागने मात्र दोरी छान सोडली, इंच इंच. एकदाही धक्का बसला नाही.

डेल्बर्टने माझा फोटो काढला.

नंतर गावच्या हॉलमध्ये सूप आणि सँडविच होतं. मोराग स्वतःच माझ्याजवळ येऊन बसली. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाली, काका, एक नंबर बाबांनी तुमच्यासाठीच ठेवली होती. दर गुरुवारी दाढी करून खिडकीत बसायचे. बस दिसली की म्हणायचे, आज येईल बघ, किटली ठेव. एकदा ब्लिंकर लागलेला दिसला तर उठून दारापर्यंत गेले, बर्निसने नवा कोट आणून घातला अंगात. मग बस सरळ गेली. कोट काढेनात, संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते. शेवटच्या गुरुवारी धुकं होतं. सारखं विचारायचे, आली का, गेली का? बर्निस फाटकापर्यंत जाऊन उभी राहिली, इंजिनाचा आवाज ऐकायला. आत येऊन म्हणाली, गेली. तेव्हा बाबा म्हणाले, मग एक नंबर तूच धर गं, मोराग. त्याला अडचण होते.

हे सगळं ती आवाज न चढवता बोलली. मग माझ्या बशीत आणखी एक सँडविच ठेवून पाहुण्यांकडे गेली.

म्हणजे एक नंबर माझीच होती! मी पहिल्यापासून हेच म्हणत आलो. डुगल्डने शेवटी कबूल केलं. बावीस वर्षांनी का होईना, निकाल माझ्या बाजूने लागला.

बसमध्ये सगळ्यांत मागच्या सीटवर बसलो. भाषण केलं नाही. वळणावर कर्स्टीने न विचारताच गाडी थांबवली. कोणी उतरलं नाही. थोड्या वेळाने तिने गाडी सुरू केली.

१४ जुलै, रविवार

दिवसभर घरीच. घरमालकीण चर्चला गेली आहे. कालचा दिवस लिहिण्यासारखा नव्हता.

माणसाने आपल्या मागची व्यवस्था आपणच करून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी घोळ होत नाही. म्हणून आज माझ्या दोऱ्यांचं ठरवायला बसलो. एक नंबर मोराग. तिला विचारायला हवं. लगेच नको, जरा दिवस जाऊ देत. दोन नंबर कर्स्टी. तिला सकाळीच फोन करून विचारलं. म्हणाली, गुरुवार सोडून कधीही चालेल, राजे.

तीन नंबरसाठी तासभर बसलो. एकदा डुगल्ड असं लिहून गेलो. मग खोडलं.

बर्निसचं नाव सुचलं होतं, पण ती पुढच्या आठवड्यात परत चालली. शिवाय तिला मी काय म्हणून विचारू? टूरवर आजवर हजारो माणसं आली असतील, प्रत्येकाने जाताना मिठी मारून म्हटलं, तू आमच्या घरचाच. एकाचाही पत्ता माझ्याकडे नाही.

हल्ली इनव्हरनेसला विजेवर दहन करतात म्हणे. पेटी एका पट्ट्यावर ठेवतात, पडदा सरकतो आणि ती आपली आपण आत जाते. खड्डा नाही, चिखल नाही, कोणाला कितवा नंबर ही कटकट नाही. दोरी लागतच नाही. हेच बरं. उद्या फोन करून विचारतो. बटण दाबायला एक माणूस लागतो, तोही त्यांच्याच नोकरीतला असतो.